गिधाडे आणि डायक्लोफेनॅक : हा योगायोग का नव्हे

आपण वेळ काढून इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे संपली, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : डायक्लोफेनॅकचा वापर वाढणे आणि गिधाडे संपणे हा निव्वळ योगायोग असू शकतो, कारण त्याच काळात झाडे तुटली, कीटकनाशके वाढली, मोबाइलचे मनोरे उभे राहिले, शास्त्रज्ञांनी आधी विषाणूकडे बोट दाखवले आणि नंतर औषधाकडे, माणसे जे औषध रोज घेतात त्याने पक्षी मरतो हे पटत नाही, आणि अखेर या सगळ्याचा भुर्दंड गाय-म्हैस पाळणाऱ्यालाच बसला. आपण स्वतः दुग्धव्यवसाय करता, त्यामुळे शेवटच्या मुद्द्यामागील कळकळ मला समजते आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. परंतु डायक्लोफेनॅकवरील ठपका तेवढ्यावर ठेवला गेलेला नाही. झाडांचेच घ्या. पांढऱ्या पाठीचे गिधाड झाडावर घरटे करते, तर लांब चोचीचे गिधाड प्रामुख्याने कड्यांवर. झाडे तुटणे हे कारण असते तर कड्यावरची गिधाडे टिकायला हवी होती. प्रत्यक्षात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. या दोन जातींची घरे वेगळी, पण ताट एकच. शिवाय ही पडझड पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ज्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात नोंदवली आणि १९९९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून जगासमोर आणली, तिथे झाडांना संरक्षण होते. मोबाइल सेवा भारतात १९९५ मध्ये मोजक्या शहरांत सुरू झाली. त्या दशकात गावोगावच्या गिधाडांना तिचा उपद्रव झाला असणे शक्य नाही.

खाद्य कमी पडल्याची शंका रास्त आहे, आणि एका प्रदेशात ती खरीही ठरली आहे. आग्नेय आशियात गिधाडे याआधीच विरळ झाली होती, आणि तिथे वन्य व पाळीव जनावरांचे मृतदेह मिळेनासे होणे हे मोठे कारण मानले जाते. भारतात मात्र मेलेली जनावरे गावकुसाबाहेर सडत पडत होती आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढत होती. खायला होते, खाणारेच मरत होते.

आता विषाणूबद्दल. आपण याला धरसोड म्हणता. मला तो या संशोधनाचा सर्वांत भक्कम भाग वाटतो. गिधाडे दिवसचे दिवस मान खाली टाकून बसत आणि मग फांदीवरून कोसळत. एकेका जातीचे पक्षी हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच रीतीने मरत होते. असे चित्र दिसले की कोणताही अनुभवी पशुवैद्यक आधी साथीचाच विचार करील. पुण्याच्या पोल्ट्री डायग्नॉस्टिक रिसर्च सेंटरमधील तज्ज्ञही मृत गिधाडांच्या त्या तपासणीत सहभागी होते. शवविच्छेदनात यकृतावर, हृदयाच्या आवरणावर आणि मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. तो युरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. पक्षी शरीरातील टाकाऊ नायट्रोजन आपल्यासारखा युरियाच्या रूपात नव्हे, तर युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात; मूत्रपिंड बंद पडले की ते आम्ल रक्तात साठते आणि अवयवांवर जमते.

पाकिस्तानच्या पंजाबात पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी याच पांढऱ्या थरापासून माग काढला. विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, जड धातू हे सगळे तपासून झाले आणि त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. तेव्हा त्यांनी प्रश्न उलटा केला : गिधाडे जी जनावरे खातात, त्यांच्या पोटात काय जाते? ते पशुवैद्यकांकडे आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानांत गेले, आणि तोंडावाटे शोषले जाणारे व मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे असे कोणते औषध खपते याची त्यांनी चौकशी केली. तिथून डायक्लोफेनॅकचे नाव पुढे आले. पांढरा थर असलेल्या २५ मृत गिधाडांपैकी २५ जणांच्या मूत्रपिंडांत हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही ते नव्हते. पुढे औषध टोचलेल्या म्हशी-शेळ्यांचे मांस बंदिस्त गिधाडांना देऊन पाहिले, तेव्हा तसाच आजार आणि तसेच मृत्यू पुन्हा घडले. हे २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुरावा पाहून आधीचा अंदाज सोडून देणे ही धरसोड कशी म्हणता येईल?

एवढी थोडी औषधे इतकी गिधाडे कशी मारतील, या आपल्या शंकेचे उत्तर परिसंस्थाशास्त्रज्ञांच्या गणितात आहे. एका मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो, आणि जोडपे वर्षाला एकच अंडे घालते. या दोन गोष्टी धरून हिशेब केला असता, हजार मृत जनावरांपैकी एक ते आठ जनावरांत घातक प्रमाणात औषध असले तरी दिसलेली घट घडू शकते, असे निघाले. जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी येण्यापूर्वी भारतात गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले गेले, तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक आढळले. म्हणजे पुरेसे होते त्याहून कित्येक पटींनी अधिक विष पसरलेले होते.

माणसाला चालणारे औषध पक्ष्याला का मारते? डायक्लोफेनॅक माणसाच्या रक्तातून एक-दोन तासांत निम्मे होते. गिधाडाच्या शरीरात ते बराच काळ रेंगाळते आणि युरिक आम्ल बाहेर टाकण्याचे मूत्रपिंडाचे कामच बिघडवते. सगळ्या पक्ष्यांचे असे होत नाही. अमेरिकेतील टर्की गिधाडाने आपल्या गिधाडांसाठी घातक असलेल्या मात्रेच्या शंभर पटींहून अधिक मात्रा सहन केल्याची नोंद आहे. म्हणूनच ‘माणसाला चालते’ किंवा ‘दुसऱ्या पक्ष्याला चालते’ हा निकष इथे लावता येत नाही.

याच ठिकाणी सेंद्रिय रसायनशास्त्र फार महत्त्वाचे ठरते. बंदीनंतर बाजारात ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिसू लागले. नाव वेगळे, पण रेणू म्हणजे डायक्लोफेनॅकलाच ग्लायकोलिक आम्ल जोडून बनलेले संयुग (एस्टर). गाईच्या शरीरात तो बंध तुटतो आणि उरते ते डायक्लोफेनॅकच. केवळ वेष्टनावरील नाव पाहून बंदी घालणे किती तोकडे आहे, हे यावरून कळते. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, तर ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन (आणखी एक वेदनाशामक) यांच्यावर ती यायला २०२३ उजाडले. मधली सतरा वर्षे वाया गेली याचे मला अतिशय दुःख आहे.

गिधाडे गेल्यामुळे, म्हणजे सडणारे मृतदेह आणि वाढलेले भटके कुत्रे यांतून रोग पसरून, वर्षाला सुमारे एक लाख माणसे अधिक दगावली, या माझ्या लेखातील वाक्यावरही आपला आक्षेप आहे. हे अनुमान इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचे असून ते २००० ते २००५ या काळापुरते आहे. पूर्वी गिधाडे असलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदराची, ती मुळात फारशी नसलेल्या जिल्ह्यांशी तुलना करून ते काढलेले आहे. माझ्या मते ते काम गांभीर्याने घेण्यासारखे आहे. पण प्रयोगशाळेत मूत्रपिंडावर जे सिद्ध झाले, त्याच्या पंगतीला मी ते बसवणार नाही. त्या आकड्यावर कुणी वाद घातला, तरी डायक्लोफेनॅकविरुद्धचा पुरावा तसूभरही हलत नाही.

आता भुर्दंडाविषयी. सुजलेल्या सडाने तळमळणाऱ्या गाईला वेदनाशामक देणारा माणूस दोषी नाही; त्याने आपल्या जनावराची काळजीच घेतली. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे आफ्रिकेत आणि भारतात चाचण्या करून २००६ मध्ये दाखवले गेले. सुरुवातीला ते महाग पडे, ही आपली तक्रार खरी आहे. पुढे अनेक भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या आणि किमतीतील फरक कमी झाला. टोल्फेनॅमिक ॲसिड या दुसऱ्या वेदनाशामकाच्या चाचण्यांचे निष्कर्षही आश्वासक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातील गिधाडे पेंच आणि ताडोबा इथे आणण्यात आली. अशी गिधाडे जगतील की नाही, हे आसपासच्या गोठ्यांत कोणती सुई टोचली जाते यावर बरेचसे अवलंबून आहे.

‘मग आम्ही नेमके करायचे काय?’ असे आपण विचारले आहे. पुढच्या वेळी डॉक्टर गोठ्यात आले की मेलॉक्सिकॅम चालेल का, असे आधी विचारा आणि कुपीवरचे नाव स्वतः वाचा. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक जनावराला टोचू देऊ नका. मोठ्या कुप्यांतून ते गोठ्यांत पोहोचत होते, म्हणूनच २०१५ मध्ये माणसांसाठीच्या कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. आणि असे औषध दिलेले जनावर दुर्दैवाने त्यानंतरच्या काही दिवसांत दगावलेच, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.