पोर्टफोलिओत रद्द केलेली रेखाटनेही हवीत

उपयोजित कलेची पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचे संग्रह, मी बरीच वर्षे पाहत आले आहे. त्यांतील बहुतेकांत काम देखणे असते, पण ते करणारा विचार कसा करतो हे कुठेच उमगत नाही. चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये एकच लोगो कपावर, कापडी पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर चिकटवलेला असतो. त्या लोगोपर्यंत पोहोचण्याआधी काढलेले आणि बाजूला ठेवलेले एकही रेखाटन मात्र नसते.

मध्यंतरी एका मुलीने केवळ सहा कामे पाठवली होती. त्यांत शेंगदाणा-लसूण चटणीचे पाकीट होते. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे येत होते, म्हणून मराठी वळणाची ही दोन्ही अक्षरे तिने स्वतः रेखाटली होती. मागच्या बाजूच्या बारीक मजकुरात शाई पसरून ‘शें’वरची मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत होते, तो फसलेला छाप आणि नंतरचा सुधारलेला छाप तिने शेजारी-शेजारी ठेवला होता. तिला मुलाखतीला बोलवायचे, हे मी त्याच पानावर ठरवले.

देवनागरीतले काम मराठी मुलेच पोर्टफोलिओतून वगळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. चांगले फॉन्ट मिळत नाहीत ही सबब आता उरलेली नाही, कारण ‘मुक्ता’सारखा फॉन्ट खुल्या परवान्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतो. बिहान्स या आपली कामे मांडण्याच्या संकेतस्थळावर सगळे काम जरूर ठेवावे, परंतु अर्जासोबत त्या नोकरीला साजेशी निवडक कामेच वेगळ्या पीडीएफमध्ये पाठवावीत. गटाने केलेल्या कामात आपला वाटा नेमका कोणता, हे एका ओळीत स्पष्ट लिहावे. इंटर्नशिपमधले अप्रकाशित काम परवानगीशिवाय दाखवू नये.

‘अजून एकही ग्राहक मिळालेला नाही, मग दाखवू काय?’ असे अनेक जण विचारतात. आपल्या गावच्या एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक घ्यावा. तो वाचताना आजीबाई कुठे अडखळतात, रात्रीच्या दिव्याखाली कोणते आकडे दिसेनासे होतात, हे तिथे उभे राहून टिपावे, नवा फलक रचावा, कागदावर मोठा छापून त्याच प्रवाशांना वाचायला द्यावा आणि त्यानंतर काय बदलावे लागले, तेही पोर्टफोलिओत मांडावे.