आळ मिक्सरवर

लाईट गेली की आपण सगळे आधी खिडकीत जातो. समोरच्या बिल्डिंगमध्येही काळोख दिसला की जीव भांड्यात पडतो. सगळ्यांचीच गेली म्हणजे आपल्याला काही करायचं नाही. गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायचे, गेल्या वर्षी कशी रात्रभर गेली होती त्याची उजळणी करायची आणि डास मारायचे. पंचाईत होते ती समोर लखलखाट असताना. त्यांचा टीव्ही इथून दिसतोय, मालिकेत कोण कुणाच्या कानाखाली वाजवतंय तेसुद्धा दिसतंय, आणि काळोख फक्त आपल्याकडे. म्हणजे भानगड घरातली. आणि घरातली भानगड म्हटली की दुरुस्ती नंतर. ती कुणामुळे झाली हे आधी ठरवावं लागतं.

यंदाच्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या आमच्या घरात हे काम जवळजवळ रोज निघू लागलं. दाराच्या वर डीबी, म्हणजे घरभरच्या खटक्यांची पेटी आहे, तिथे स्टुलाशिवाय फक्त नवऱ्याचाच हात पोहोचतो. त्यातला थोरला खटका खट्टकन खाली पडायचा आणि पंखे, फ्रिज, वायफाय, सगळं एकदम गप्प. पहिल्यांदा झालं तेव्हा सासूबाई ओल्या नारळाची चटणी वाटत होत्या. झालं, आळ मिक्सरवर आला. "मोटर गेली असणार," सासरे कोचावरूनच म्हणाले. त्यांनी मिक्सर बघितलाही नव्हता. मिक्सरची रवानगी माळ्यावर झाली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. एक बाही झाली आणि खट्ट. मग इस्त्री वाईट ठरली. त्यानंतर वॉशिंग मशीन. मशीन तर कपडे पोटात घेऊन, पाण्यासकट, दार लावून बसलं. करता करता घरात संशयापलीकडची अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे देवघरातला झिरोचा बल्ब. गिझरचं तर कुणी नावही काढलं नाही. एप्रिलपासून त्याचं बटण कुणी दाबलं नव्हतं.

आमच्याकडे असं काही झालं की शेजारच्या काकांना दार न वाजवताच कळतं. ते आले, डीबीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, खटके हलके बसवलेत तुम्ही. १६ चा काढायचा, ३२ चा टाकायचा. माझ्याकडे बघ. वर्षानुवर्षं पडलेला नाही." खटका पडत नाही ही गोष्ट ते रक्तदाब नॉर्मल आल्यासारखी सांगतात. नवऱ्याला सल्ला लगेच पटला, कारण त्यात फक्त पैसे खर्च करायचे होते.

सासऱ्यांना मात्र खटके हा प्रकारच मान्य नाही. त्यांचं मन अजून किटकॅटमध्ये आहे. चिनीमातीचं ते पांढरं किटकॅट, पुठ्ठ्याला गुंडाळलेली फ्यूज वायर, एका हातात मेणबत्ती, खिशाला पेनासारखा अडकवलेला टेस्टर. फ्यूज उडाला की पाच मिनिटांत घरात उजेड करणारा पुरुष म्हणून चाळीत त्यांची ख्याती होती. चाळीतल्या एकांनी म्हणे फ्यूज वायर संपली म्हणून पडद्याची तार घातली होती. "पुढे कधी उडालाच नाही!" बाबा अजून कौतुकाने सांगतात. त्यानंतर त्या घरातली बोर्डाची लाकडी फळी काळी पडली होती, हा भाग सासूबाई सांगतात.

इथे माझा संयम सुटला. कारण फळी काळी का पडली हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तो फ्यूज काय किंवा आताची एमसीबी, म्हणजे डीबीतला हा छोटा खटका काय, ती मिक्सर वाचवायला बसवलेली नसते. ती भिंतीतली वायर वाचवायला असते. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर साधारण ३६८० वॅट. सकाळी डब्याच्या घाईत स्वयंपाकघराच्या एकाच लाइनवर २००० वॅटची इंडक्शन, १५०० वॅटची केटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह लावलात की झाले ४७०० वॅट, म्हणजे वीस अँपिअरच्या वर. एमसीबीच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी असते, ती जादा भाराने तापून हळूहळू वाकते आणि थोड्या वेळाने खटका पाडते. शॉर्टसर्किट झालं तर पट्टीची वाट बघत नाहीत, शेजारची कॉइल पापणी लवायच्या आत खटका खेचते. आता त्या जागी ३२ ची टाका. केटलीही चालेल, इंडक्शनही चालेल, काकाही खूश. तापेल ती प्लास्टरच्या आतली, १६ च्या हिशेबाने घातलेली वायर. तिला खटका नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं."

बाबांना वळवायला मला इतिहास काढावा लागला. या खटक्याचं १९२४ सालचं पेटंट ह्युगो स्टॉट्झ नावाच्या जर्मन इंजिनिअरच्या नावावर आहे. जर्मन म्हटल्यावर बाबांचा विरोध एकदम मवाळ झाला. "मग वस्तू चांगलीच असणार," म्हणाले. त्यांच्या मते आमच्या घरात येऊन बिघडली.

पण आमचा पडणारा खटका मुळात तो नव्हताच. पडत होता त्याच्या शेजारचा, रुंद, 'टी' लिहिलेलं बारकं बटण असलेला. आरसीसीबी. जुनी मंडळी त्याला ईएलसीबी म्हणतात, आणि आमचे काका 'तो मोठा'. याला भाराशी काही देणंघेणं नाही. हा सोसायटीच्या खजिनदारासारखा फक्त हिशेब बघतो: वीज आणणाऱ्या तारेतून, म्हणजे फेजमधून, किती अँपिअर गेले, परतीच्या तारेतून, म्हणजे न्यूट्रलमधून, किती परत आले. घरातल्या नेहमीच्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला, की तो सबबी न ऐकता दुकान बंद करतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर, ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा यापेक्षा जास्त ओढतो. एवढ्याशासाठी घर अंधारात का टाकायचं? तर ते हरवलेले मिलिअँपिअर कुठून तरी जमिनीत जातायत, आणि ती वाट उद्या एखाद्या माणसाच्या अंगातून असू शकते. माणसाच्या हृदयाला घोळात घ्यायला फार अँपिअर लागत नाहीत. म्हणून त्याला मधून काढून टाकायचा नाही, आणि पडला की दातओठ खाऊन पुन्हा पुन्हा वर ढकलायचाही नाही. नवरा नेमकं तेच करत होता. लिफ्टचं बटण दहादा दाबलं की लिफ्ट लवकर येते असं मानणाऱ्यांपैकी तो आहे.

शेवटी वायरमन बोलावला. तो "निघालोच वहिनी, रस्त्यातच आहे" म्हणाला, आणि तो रस्ता बराच लांबचा असावा. आला तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या फिर्यादी मांडल्या: मिक्सर, इस्त्री, मशीन, काकांचं ३२ चं मत. तो स्टुलावर उभा राहून सगळं ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, "घरात वापरात नसलेलं काय काय आहे?"

या प्रश्नाला आमच्याकडे कुणाचंच उत्तर तयार नव्हतं.

त्याने सगळ्या एमसीबी खाली केल्या, थोरला खटका वर केला. राहिला. मग एकेक एमसीबी वर. राहिला. माळ्यावरून मिक्सर काढवला, रिकामाच फिरवला. खट्ट! "बघा!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका विजय होता की काळोखातही चेहरा दिसला. वायरमनने काही न बोलता बाथरूमबाहेरच्या बोर्डातला गिझरचा प्लग उपटला, खटका वर केला आणि मिक्सर पुन्हा लावला. मिक्सर फिरत राहिला. इस्त्री लावली, मशीन लावलं, सगळं एकदम लावलं. खटका ढिम्म.

"अहो, पण गिझर तर बंद होता," मी म्हटलं. "एप्रिलपासून!"

"बंद म्हणजे फेज बंद, वहिनी. न्यूट्रल कुठे बंद आहे?"

हे वाक्य मला खरं तर शाळेत शिकवायला हवं होतं. आपलं भिंतीवरचं साधं बटण एकच तार तोडतं, फेजची. न्यूट्रल आणि अर्थिंग जिथल्या तिथे जोडलेले राहतात. महिनोन्महिने न तापलेल्या कॉइलने पावसाळ्यात ओल धरली होती, आणि न्यूट्रलकडच्या टोकाशी तिचं इन्सुलेशन गेलं होतं. त्याने गिझरच्या प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थच्या पिनांना मीटर लावून दाखवला. आकडा आला. तिथे आकडाच यायला नको होता. म्हणजे घरात दुसरं काही दमदार चालू झालं, की न्यूट्रलमधून परतणाऱ्या विजेतली थोडीशी या चोरवाटेने अर्थिंगमध्ये उतरायची आणि खजिनदाराला तूट दिसायची. मिक्सरचा गुन्हा एवढाच, की त्या वेळी तो काम करत होता. घरात हे मिक्सरखेरीज आणखी कुणाकुणाच्या बाबतीत होतं, ते मी इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात.

गिझरला नवी कॉइल बसली. शिवाय डीपी स्विच, म्हणजे बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. मग वायरमन आलाच आहे म्हणून मी त्याला घरभर फिरवला, आणि आमची बाकीची अब्रूही बाहेर आली.

मायक्रोवेव्हचा मोठ्या पिनांचा प्लग आम्ही चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या बारक्या बोर्डात बसवला होता. त्या पॉइंटची मजल १३८० वॅटपर्यंत, आणि त्यातच एक्स्टेंशन, त्यात टोस्टर. कन्व्हर्टर बाहेर काढला तर एक पिन तपकिरी, प्लास्टिक कडेने किंचित वितळून चुण्या पडलेलं. "वास येत नव्हता का?" त्याने विचारलं. येत होता. आम्ही त्याला टोस्टचा वास समजत होतो. सगळ्यात वाईट म्हणजे अशा ढिल्या जोडाच्या तापण्याचा एमसीबीला पत्ता लागत नाही, आरसीसीबीलाही नाही; वीज जाते तेवढी परत येतेय, भारही मापात आहे, त्यांनी पडावं कशासाठी? तिथे आपलं नाक आणि आपला हात हेच खटके. प्लग गरम लागला, बटणाशी चरचर ऐकू आली, की तो पॉइंट त्याच दिवशी बंद. गणपतीतही माझी धास्ती एलईडीच्या माळांची नसते, त्या ओढतात किती? धास्ती असते मखरामागे थर्माकोलला टेकलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या त्या जोडाची. थर्माकोल दरवर्षी 'यंदा शेवटचा' म्हणून येतो, तो भाग वेगळा.

मग फ्रिज. आमच्या मामेसासूबाईंकडे फ्रिजच्या हँडलला कापडी कव्हर आहे, फुलाफुलांचं, झालरवालं. मला वर्षानुवर्षं वाटायचं हौस आहे. तर ते चिमटे बसतात म्हणून. "जास्त नाही गं, थोडंसंच येतं. सपाता घातल्या की काही नाही." त्या घरात पाहुण्यांना आधी सपाता देतात, मग पाणी. मी वायरमनला हे सांगितलं तर तो पहिल्यांदाच गंभीर झाला. तिसरी पिन लांब आणि जाड असते ती प्लग आत जाताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं म्हणून; तीच काहीजण पकडीने कापून टाकतात, दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही म्हणून. किंवा बोर्डाला तिसरं भोक असतं आणि मागे तारच नसते. कव्हर बदलण्याऐवजी अर्थिंग तपासून घ्या, असा निरोप मी पोचवला. मामेसासूबाईंनी दोन्ही केलं. कव्हर आता मोरपिशी आहे.

जाताना तो आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगून गेला. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे, बदलायचा. आमच्याकडे हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी होतं आणि दर वेळी घरात तोच वाद होतो. "चाललंय ते चांगलं चाललंय ना, मग कशाला पाडायचं?" सासूबाई. मुलगी ऑनलाइन काहीतरी जिंकत आलेली असते. नवरा स्टूल धरतो. स्टुलावर आता मी चढते.

बाबांना या सगळ्यात एक जबाबदारी मिळाली. कोणती एमसीबी कुठली, याच्या चिठ्ठ्या चिकटवण्याची. रिटायर होईपर्यंत त्यांनी फायलींवर नावं घातली, त्यामुळे चिठ्ठ्या बघण्यासारख्या आहेत: 'हॉल (पंखा, टीव्ही, स्वतः)', 'स्वयंपाकघर, जड', 'गिझर (पूर्वी संशयित नव्हता)'. एकेक खाली करायची आणि घरभर आरोळी मारून काय गेलं ते विचारायचं, अशी त्यांची पद्धत. मिक्सर निर्दोष सुटला तरी सासूबाई तो लावण्याआधी "लावतेय हं!" असं अजून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, आणि बाबा हातातलं काम सोडून डीबीकडे बघतात.

शेवटची एमसीबी मात्र कशाची ते कळेना. खाली केली तर घरात काहीच गेलं नाही. पंखे चालू, फ्रिज चालू, बेलसुद्धा वाजली. वायरमनला फोन केला तर म्हणाला, स्पेअर असेल. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांनी ती पुन्हा वर केली आणि तिच्यावर सगळ्यात ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लावली: 'अज्ञात. काकांची असू शकते.'