पेट्रेअस आला आणि सहा महिन्यात इराक शांत? असं नाही झालं

एक फॉरवर्ड फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. म्हणे इराकमध्ये अमेरिका हरत होती, २००७ ला जनरल पेट्रेअस आला, ३० हजार जादा सैनिक आणले आणि सहा महिन्यात सगळं शांत. सेनापती बदला, युद्ध जिंका. वाचायला भारी, पण बऱ्याच गोष्टी गाळल्यात.

सहा महिन्यांचंच बघा. त्याने कमांड घेतली फेब्रुवारीत, आणि एप्रिल, मे, जून तिन्ही महिने अमेरिकेचे शंभरच्या वर सैनिक मेले, अख्ख्या युद्धात त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट वर्ष २००७च. कारण सैनिकांना मोठ्या तळांवरून उचलून बगदादच्या वस्त्यांमध्ये छोट्या चौक्यांत राहायला लावलं, म्हणजे थेट माऱ्यात. आकडे उतरायला लागले ते वर्षाच्या उत्तरार्धात.

बरं, ३० हजारांनी झालं म्हणावं तर २००५ च्या शेवटी निवडणुकीच्या वेळीही तिथे १ लाख ६० हजारांच्या आसपास सैनिक होतेच की, आणि पेट्रेअसच्या वेळी जास्तीत जास्त १ लाख ७० हजार. मग तेव्हा का नाही जमलं?

खरी गंमत पश्चिम इराकच्या अनबार प्रांतात आहे आणि तीच फॉरवर्डमध्ये नाही. तिथल्या रमादी शहरात शेख अब्दुल सत्तार अबू रिशाने अल कायदाविरुद्ध सुन्नी अरब जमाती एकत्र केल्या सप्टेंबर २००६ मध्ये, तेव्हा पेट्रेअस इराकमध्ये नव्हताच, अमेरिकन कमांडर होता जनरल केसी, आणि या शेखांशी जुळवून घेणारा होता कर्नल मॅकफार्लंड, एक ब्रिगेड कमांडर. पेट्रेअसचं श्रेय हे की खाली जे चालतंय ते त्याने ओळखलं आणि बाकी भागात पसरवलं, महिन्याला साधारण ३०० डॉलर देऊन लाखाच्या घरात माणसं उभी केली, त्यातले कितीतरी आधी अमेरिकनांवरच गोळ्या झाडणारे. इराकचे पंतप्रधान मलिकींना हे अजिबात आवडलं नव्हतं, तरी त्याने रेटलं. याला जिगर लागते, मान्य.

शिवाय ऑगस्ट २००७ मध्ये शिया नेता मुक्तदा सद्रने आपल्या मिलिशियाला, म्हणजे खासगी सशस्त्र फौजेला, थांबवलं, आणि २००६ मध्ये समारा शहरातल्या शियांच्या मशिदीत झालेल्या स्फोटानंतर बगदादच्या कितीतरी वस्त्यांतून शिया किंवा सुन्नी आधीच हुसकावून लावले होते. ऐकायला वाईट वाटतं, पण मारायला समोर कोणी उरलंच नव्हतं हेही एक कारण.

पेट्रेअसच्या आधीच्या केसीला हाकललं म्हणाल तर तो अमेरिकेचा लष्करप्रमुख झाला. सगळं इराकी फौजेच्या हाती सोपवून निघायचं ही त्याची लाईन चुकली, कारण इराकी पोलिसांतच मिलिशिया घुसलेली, पण ती लाईन एकट्या केसीची कुठे होती, अमेरिकेचा संरक्षणमंत्री रम्सफेल्डलाही तेच हवं होतं आणि त्याने राजीनामा दिला नोव्हेंबर २००६ मध्ये.

आता राहिलं ते 'जिंका'. पेट्रेअसने स्वतः एप्रिल २००८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं होतं की ही प्रगती नाजूक आहे, उलटूही शकते. आणि झालंही तसंच: २००३ मध्ये तो स्वतः जे मोसूल शहर सांभाळत होता तेच जून २०१४ मध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेने घेतलं.