आपणच आपल्याला दिलेली धमकी

गुगलने एखादा मेल उचलून स्पॅमच्या खोक्यात टाकला, म्हणजे तो बिनमहत्त्वाचा असेल असं कोण म्हणतो? रोज सकाळी चहाबरोबर ते खोकं उघडून बघायची सवय ठेवा. एक दिवस तुम्हाला तिथे तुमचाच मेल सापडेल. पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. आत लिहिलेलं असेल की मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलोय, कॅमेऱ्यातून तुमचं नको ते चित्रण केलंय, 48 तासांत बिटकॉइन पाठवा, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना दाखवीन. पुरावा पाहिजे? बघा, हा मेल तुमच्याच पत्त्यावरून धाडलाय.

अशा वेळी आधी नीट, मनापासून घाबरून घ्यावं. आपल्या डेस्कटॉपला कॅमेराच नाही, हे आठवू देऊ नये. आठवलंच, तर बायकोच्या पाकिटातली एक टिकली काढून मॉनिटरच्या वरच्या कडेला, कॅमेरा असता तर जिथे असता, तिथे चिकटवून टाकावी.

मेल पोचवण्याची जी पद्धत आजही मुळात चालते, तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहून काढले. तेव्हा नेटवर्कवर होती ती विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि एकमेकांच्या ओळखीपाळखीची माणसं. पाठवणारं यंत्र आधी 'हेलो' म्हणायचं, आपलं नाव सांगायचं, आणि घेणारं यंत्र म्हणायचं, बरं. सांगितलेलं नाव खरं की खोटं, हे विचारायची रीत त्या घरात नव्हती. आपल्या लग्नपत्रिकेच्या तळाशी नसतं का, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', आणि खाली चिंटू, पिंकी, सोनू? त्यातला सोनू अडीच महिन्यांचा असतो. म्हणून कुणी त्याच्या पाळण्यापाशी जाऊन 'बाळा, तुझ्या नावाने कुणीतरी पत्रिका वाटतंय' असं सांगत नाही. मेलच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करायचं.

तसा हा धंदा आपल्याला नवा नाही. पूर्वी देवीच्या नावाची पोस्टकार्डं यायची. हे पत्र 11 जणांना पाठवा. एकाने पाठवलं, त्याला लॉटरी लागली. एकाने फाडलं, त्याचा बैल मेला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तरी घरोघरी माणसं रात्री बसून 11 कार्डं लिहीत. बिटकॉइनवाल्याने बैलाच्या जागी कॅमेरा घातला, एवढाच फरक. (देवी निदान रोख मागत नव्हती.)

2018 पासून या मेलची एक सुधारित आवृत्ती फिरते. तिच्यात तुमचा एखादा जुना पासवर्ड छापलेला असतो, आणि तो खरा असतो. इथे पायाखालची जमीन सरकते. वास्तविक तो तुमच्या कॉम्प्युटरमधून गेलेला नसतो, कुठल्या तरी वेबसाइटचं गोदाम फुटलं तेव्हा गेलेला असतो. 2012 साली लिंक्डइनमधून चोरीला गेलेले 11 कोटींवर खातेदारांचे तपशील 2016 मध्ये विक्रीला निघाले होते. आपला पत्ता अशा कुठल्या यादीत आहे का, हे बघायची सोय ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने 2013 पासून फुकट करून ठेवली आहे. पण फुकटच्या वस्तूवर विश्वास ठेवायला आपण काय खुळे आहोत? अख्ख्या मेलमध्ये काळजी करण्याजोगी गोष्ट एकच असते, ती म्हणजे तो 2012 चा पासवर्ड तुम्ही अजून वापरताय. ती सोडून बाकी सगळ्याची काळजी करा.

मग कामाला लागा. पाठवणाऱ्याला ब्लॉक करायला जा. पाठवणारे तुम्हीच असल्याने स्वतःलाच ब्लॉक करू बघा. जमत नाहीसं दिसलं, तर मेलला उत्तर लिहा, 'मी पोलिसांत जाईन'. ते उत्तर फिरून तुमच्याच इनबॉक्सात येईल आणि घाबरायला नवा ऐवज मिळेल. त्यानंतर ओळखीच्या झाडून सगळ्या 412 जणांना एकच मेल धाडा: 'माझं अकाउंट हॅक झालं आहे, माझ्या नावाने कुणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.' सगळ्यांचे पत्ते एकाच रांगेत, सर्वांना दिसतील असे ठेवा. चोराला जी यादी मिळाली नव्हती, ती तुम्ही वाटून टाकलीत. त्यातले तीस-चाळीस पत्ते बंद पडलेले असतील. तिथून 'मेलर डीमन' नावाच्या कुणाची तरी उलट टपाली उत्तरं येतील. कॉम्प्युटरच्या भाषेत डीमन म्हणजे पडद्याआड राबणारा साधा प्रोग्राम, पण तुम्ही नाव वाचून लिंबू-मिरची बांधायला मोकळे.

खरंच पैसे गेले, तर तक्रारीसाठी 1930 हा फोन नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. पण 1930 म्हणजे मिठाचा सत्याग्रह एवढंच आपण शाळेत शिकलो, तेव्हा तिकडे न वळता गुगलवर 'कस्टमर केअर' शोधावं. पहिला जो नंबर दिसेल तो लावावा, आणि पलीकडचा गोड आवाज सांगेल ते अ‍ॅप मोबाइलमध्ये टाकून त्याला स्क्रीन दाखवावी.

एवढं झाल्यावर भाच्याला बोलवा. तो मेकॅनिकलला असला तरी चालतो. कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढं पुरे. तो म्हणेल, "मामा, हा मेल तुमच्या अकाउंटमधून गेलेलाच नाही. सेंटमध्ये बघा, आहे का?" मग तो तीन टिंबांवर बोट ठेवून 'शो ओरिजिनल' दाबेल आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशी तीन नावं दाखवेल. एसपीएफ म्हणजे कुठल्या पत्त्याचं टपाल कुठल्या यंत्रांनी आणायचं, याची वॉचमनकडची यादी. डीकिम म्हणजे लाखेचा शिक्का. आणि यादीत नाव नाही, शिक्काही धड नाही, अशा पाहुण्याचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही असल्याशिवाय फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या दारात उभं करत नाहीत. "तिन्हीकडे फेल लिहिलंय, म्हणजे मेल खोटा," भाचा म्हणेल. तुम्ही फक्त 'फेल' ऐका आणि म्हणा, "म्हणजे आपलं अकाउंट फेल गेलं?"

शेवटी तो कंटाळून पासवर्ड बदलून देईल. नवा पासवर्ड लगेच कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा आणि विसरायला नको म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फॅमिली ग्रुपमध्ये टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचं त्याने विचारलंच, तर "दरवेळी कोण ओटीपी शोधत बसणार" म्हणून उडवून लावा.

जाताजाता भाचा सवयीने सेटिंग्जमध्ये डोकावेल. "मामा, तुमचा येणारा प्रत्येक मेल आणखी एका पत्त्यावर जातोय. हा पत्ता कुणाचा? पासवर्ड बदलला तरी हे चालूच राहतं, बरं का. आणि मार्चमध्ये गुगलने तुम्हाला कळवलं होतं, नवीन डिव्हाइसवरून साइन-इन झालंय म्हणून. तो मेल कुठंय?"

"तो होय? तो मी वाचला पण नाही. सरळ डिलीट केला. असले फसवे मेल मी बरोबर ओळखतो."

"आणि हा पत्ता?"

"असेल गुगलचाच कुणीतरी. ते राहू दे, तू आधी चहा घे. आणि जरा ती टिकली नीट बसलीय का बघ."