मॅडम, बाबांना आणायची गरज नाही

पोस्ट मोठी होणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही. म्हणजे राग आहेच, पण तुमच्यावर नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

बाबांचं ड्रायव्हिंग लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. पंचावन्न ओलांडली की ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, त्यामुळे आमच्या घरी हे कार्य ठरावीक काळाने येतंच. मागचं कोविडात आलं होतं. तेव्हा केंद्राने मुदत वाढवत वाढवत नेली आणि २०२१ मध्ये एकदाचं काम झालं. तेव्हा बाबा स्वतः गेले होते, मास्क लावून, कागदांची फाइल काखेत मारून. या वेळी म्हणाले, "तूच बघ गं ते ऑनलाइनचं."

बसले बघायला. खरं सांगायचं तर अवघड काही नाही. सारथी या सरकारी पोर्टलवर राज्य निवडा, लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाका, पुढे ते विचारत जातं तसं भरत जा. आधारला चालू मोबाइल जोडलेला असेल तर आरटीओची पायरीही चढावी लागत नाही. आमचं घोडं तिथेच अडलं. बाबांच्या आधारला नंबर आहे तो आईच्या फोनचा. आई गेल्यावर ते सिम बंद केलं. आता तो नंबर कोणाला दिला गेला असेल कोण जाणे, आणि त्या माणसाच्या फोनवर बाबांचे ओटीपी जात असतील. मी दोनदा पाठवला आणि मग उगाचच लॅपटॉप बंद करून बसले.

आधारमधला नंबर बदलून घेता आला असता. ओटीपीचा नाद सोडून, वेळ घेऊन बाबांना आरटीओत नेता आलं असतं. मी काय केलं? सकाळी ऑफिसला जाता जाता एजंट गाठला. दहा मिनिटांचं काम. त्याने बाबांचं जुनं लायसन्स बघितलं, वय बघितलं, म्हणाला, "होऊन जाईल." मी विचारलं, "मेडिकलसाठी त्यांना कधी घेऊन येऊ?"

"मॅडम, बाबांना आणायची गरज नाही. मेडिकल आपल्याकडेच होतं."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी बरीच आरडाओरड करणार आहे. त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं. अठराशे सांगितले, मी घासाघीसही केली नाही. सरकारी फी नूतनीकरणाची २०० आणि स्मार्ट कार्डाची २००. बाकीचे कशाचे ते तुम्हाला सांगायला नको.

दुपारी तीनला व्हॉट्सअॅपवर बाबांचं मेडिकल आलं. फॉर्म १-ए. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला लायसन्स रिन्यू करताना हा लागतो, रिक्षा-टेम्पोवाल्यांना तर वय कितीही असलं तरी लागतो. नोंदणीकृत डॉक्टरने भरून सही करायची असते. तो आला, भरलेला, सही-शिक्क्यासकट. मी आयुष्यात पहिल्यांदा तो फॉर्म नीट वाचला.

एकदा वाचाच. डॉक्टर त्यात लिहून देतो की मी या अर्जदाराला स्वतः तपासलं आहे. तपासताना त्याच्या दूरच्या नजरेकडे आणि ऐकण्याकडे विशेष लक्ष दिलं आहे. हातपाय, सांधे पाहिले आहेत. लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न. आणि एक प्रश्न मला फार आवडला: चांगल्या उजेडात, २५ मीटर अंतरावरून, गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? किती साधं, किती शहाणपणाचं आहे! मशीन नको, तक्ता नको. उभं राहा आणि समोरची नंबरप्लेट वाच. ज्या कोणी हे लिहिलं त्याने खरंच विचार केला होता.

त्या प्रश्नासमोर बाबांच्या फॉर्मवर 'होय' लिहिलं होतं.

मी फोन बाबांसमोर धरला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग नाकाशी आणला, मग खिडकीपाशी नेला. वाचून झाल्यावर म्हणाले, "अरे वा, बरे झाले की माझे डोळे!"

आणि हसले. मी नाही हसले.

कारण गेले सात-आठ महिने बाबा रात्री स्कूटर काढत नाहीत. समोरून दिवे आले की फुटल्यासारखे पसरतात म्हणतात. दिवाळीत सिग्नलला थांबायच्या ऐवजी सिग्नलच्या अलीकडच्या खांबाशी थांबले होते, मागचे हॉर्न वाजवून हैराण. आम्ही ते हसण्यावारी नेलं. मोतीबिंदू असणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच मोठ्याने म्हणत नाही. आणि इकडे एका डॉक्टरने, ज्याने बाबांना उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, त्यांच्या दूरच्या नजरेकडे विशेष लक्ष दिलंय.

डॉक्टर! एजंटचं सोडा, तो धंदाच करतो. पण ज्याने साडेपाच वर्षं माणसाचं शरीर शिकण्यात घालवली, तो माणूस न बघता सही करतो? गठ्ठ्याने? किती फॉर्मवर? आपण रस्त्याने चालतो तेव्हा समोरून येणाऱ्या किती जणांचे डोळे असे कागदावर बरे झालेले असतात?

आता कोणीतरी कमेंटमध्ये येऊन म्हणेल की वेगात गाडी हाणून लोकांना उडवणारी तरुण पोरं असतात, म्हाताऱ्यांच्या मागे कशाला लागता. बरोबर आहे. म्हणा. दुसरं कोणी म्हणेल की एजंट नसता तर ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याने काय करायचं. तेही खरं आहे, आमच्या शेजारच्या आजोबांचं काम त्याच एजंटने पदरमोड करून केलं होतं. ठीक. पण मी ज्यावर चिडले आहे ते हे नाही.

मी ज्यावर चिडले आहे ते सांगायला मला २०२३ मध्ये जावं लागेल.

माझं पहिलं लायसन्स २००३ चं. तेव्हा वीस वर्षांचं मिळायचं, किंवा पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल ते. (आता तसं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, मग पन्नाशीपर्यंत दहा-दहा वर्षं, असा हिशेब आहे.) त्या टेस्टला बाबाच घेऊन गेले होते. आदल्या आठवड्यात रोज पहाटे मैदानात विटांचे तुकडे मांडून माझ्याकडून आठचा आकडा काढून घेतला. पाय टेकला की पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचे आणि ते म्हणायचे, "तिथे साहेब पास करतील गं, रस्ता करणार नाही." टेस्टच्या दिवशी रांगेतल्या एकाने त्यांना सांगितलं होतं की अमुक इतके दिले की आठ काढावा लागत नाही. बाबांनी त्या माणसाकडे असं बघितलं की तो रांग सोडून मागे गेला.

त्या बाबांची मुलगी मी. २०२३ मध्ये माझं संपलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, म्हणजे मलाही फॉर्म १-ए लागला असणार. असणार म्हणते, कारण मला तो आठवतच नाही. मी कोणत्याही डॉक्टरकडे गेले नव्हते. पैसे दिले, कार्ड पोस्टाने घरी आलं, पाकिटात गेलं. माझ्याही नावाने कोणीतरी लिहून दिलंय की मी हिला स्वतः तपासलं. तीन वर्षं मी ते पाकिटात घेऊन फिरतेय आणि आज बाबांचा फॉर्म बघून मला संताप आला.

तुमच्यापैकी चाळिशीपुढचे जे रिन्यू करून बसलेत, त्यांनी आठवून बघा. डॉक्टरचा चेहरा आठवतोय? आपण सगळे लाच द्यायची नाही म्हणणारी माणसं. आपण ट्रॅफिक पोलिसाला शंभर रुपये देत नाही, पावती फाडा म्हणतो, आणि त्याचे फोटोसुद्धा टाकतो. आणि इथे? इथे आपण म्हणतो 'सुविधा शुल्क'. मला हे आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

हो, आणि इन्शुरन्स. अपघात झाला आणि लायसन्स चालू नसेल तर कंपनी हात वर करू शकते, म्हणून तर सगळी धावपळ. त्याच कायद्याच्या कलम १८१ खाली पाच हजारांचा दंड आहे, त्याचीही भीती. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस चालून जायचं, २०१९ च्या दुरुस्तीत तेही गेलं. संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, संपल्यावरही वर्षभर, पण त्या मधल्या काळात चालवायचं नाही. वर्ष उलटलं की परत टेस्ट. हे सगळं मला आता पाठ झालंय. तारखेची सगळ्यांना काळजी आहे. डोळ्यांचा प्रश्न निघाला की मात्र अठराशे रुपये.

बरं. आता संध्याकाळचं.

पाच वाजता मी बाबांना म्हटलं, चला खाली. कशाला, म्हणाले. म्हटलं, चला तर. ऊन उतरलं नव्हतं, चांगला उजेड होता, फॉर्ममध्ये म्हटलंय तसाच. पार्किंगच्या टोकाला एक गाडी उभी होती. तिथून मी पावलं मोजत आले. माझी पस्तीस पावलं म्हणजे साधारण पंचवीस मीटर. बाबांना तिथे उभं केलं आणि म्हटलं, "नंबर वाचा."

बाबांनी खडाखडा वाचला. एमएचपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, न अडखळता. मला क्षणभर इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, डॉक्टरने न बघता का होईना, खरं लिहिलं.

मग लक्षात आलं, ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गाडी होती. गेली नऊ वर्षं तिथेच उभी राहणारी.

"बाबा," मी म्हटलं, "ही नाही. ती पांढरी."

पांढरी कोणाकडे तरी आलेल्या पाहुण्यांची होती. बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. एमएच झालं. मग थांबले. मग म्हणाले, "तीन आहे. की आठ?" मग थोडं पुढे सरकले. मी काही बोलले नाही. आणखी पुढे सरकले. दोन-तीन पावलं, मुलं लगोरी खेळताना रेषेच्या पुढे सरकतात तशी, कोणाचं लक्ष नाही असं समजून.

मला आत्ता लिहिताना पुन्हा गलबलून येतंय. दुपारी मी त्या डॉक्टरला आणि एजंटला शिव्या घालत होते, आणि बाबा पुढे सरकले तेव्हा माझ्याच मनात आलं की सरकू दे की, कोण बघतंय. स्कूटरवरून ते जातात तरी कुठे? भाजी, वाचनालय, आणि महिन्यातून एकदा आईच्या बहिणीकडे. ती स्कूटर गेली तर उरलं काय त्यांच्याकडे? माझ्या सवडीची वाट बघत बसायचं? याच विचाराने घरोघरची माणसं एजंटकडे जात असतील. सगळेच काही आळशी नसतात. आज सकाळी मी आळसानेच गेले होते, ते वेगळं.

बाबा वळले. म्हणाले, "आता तू वाच."

"मी कशाला?"

"तू चाळीसची झालीस ना? वाच."

मी त्यांच्या जागी उभी राहिले. वाचला नंबर. बरोबर वाचला. पण लगेच नाही. त्या आकड्याशी मीही थांबले, डोळे बारीक केले, आणि मग कळलं की तो आठ आहे. बाबा माझ्याकडे बघत होते. २००३ मध्ये माझा पाय टेकला की बघायचे तसं.

वर आल्यावर एजंटला मेसेज केला की अर्ज पुढे पाठवू नका. त्याने विचारलं, काही चुकलंय का मॅडम, नाव बरोबर आहे ना? म्हटलं, नाव बरोबर आहे. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला. नकोत. घाई तशी नाहीच, संपल्यावरही वर्षभर अर्ज करता येतो. तोवर मोतीबिंदूचं काय ते होईल. काढला की बाबांना बहुतेक नीट दिसेल, आजकाल ते ऑपरेशन करून संध्याकाळी घरी येतात लोक. आधारचा नंबरही बदलून घेणार आहे. आईचा नंबर काढून टाकायचा म्हटल्यावर बाबा जरा गप्प झाले, पण हो म्हणाले.

एक विनंती: कमेंटमध्ये एजंटचा नंबर मागू नका. दोघांनी आधीच्या पोस्टवर मागितलाय, आणि त्यातला एक माझा सख्खा मावसभाऊ आहे.

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघांची वेळ घेतली आहे, बाबांची आणि माझी. बाबा म्हणाले, जाताना स्कूटर मी चालवतो, येताना डोळ्यांत थेंब घातलेले असतील, तेव्हा तू चालव. मी म्हटलं, थेंब मलाही घालणार आहेत. मग बराच वेळ दोघंही गप्प बसलो.

रिक्षा सांगितली आहे.