तीन दिवस उपाशी ठेवा म्हणे!

रविवारी सकाळी सहकारनगरला आत्याकडे गेलो, तर पोपटाची दाण्याची वाटी घासूनपुसून ओट्यावर पालथी घातलेली. "अरे, फॉरवर्ड आलाय ना, तीन दिवस काही द्यायचं नाही, मग आपोआप हातावर येतो," आत्या म्हणाली. दीड दिवस झाला होता. बंड्या हा शेजारच्या नानांचा आफ्रिकन ग्रे पोपट, वय चौदा. नाना मुलीकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले म्हणून आठवड्यापूर्वी आत्याकडे आला. तो मागच्या दांडीवर पिसं फुगवून बसला होता. खाली अंथरलेल्या पेपरवर विष्ठेचे दोन-चार बारीक, गडद हिरवे ठिपके. पोटात काही गेलं नाही की पोपटाची विष्ठा अशीच दिसते.

आधी वाटी भरली, मग फॉरवर्ड वाचला. 'मोठा पोपट नव्या घरात रुळवण्याचे सात रामबाण उपाय.' मला तो तीन ग्रुपांतून आलाय, तुम्हालाही आला असेल. वर प्रस्तावना, की मोठ्या पोपटाला नव्या माणसाचा लळा कधीच लागत नाही, त्याला आधी 'मोडावं' लागतं. खाली उपाय: उपाशी ठेवा, पंख कापा, पिंजऱ्यावर तीन दिवस काळं कापड टाका, चावला तर चोचीवर टिचकी मारा, हिरवी मिरची द्या, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवा, जुनं नाव आणि जुना पिंजरा बदला. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही.

उपाशी ठेवण्याचं आधी घेऊ, कारण बाकीच्या बहुतेक मूर्खपणाने पोपट वैतागेल, याने मरेल. पोपट दुखणं लपवतो. जंगलात जो आजारी दिसतो त्याला शिकारी उचलतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग आणतो. फुगून बसलेला दिसला म्हणजे बराच उशीर झालेला असतो. त्यात नव्या घरी आलेला पोपट आधीच धास्तीने कमी खातो. नानांनी दिलेल्या डॉक्टरांच्या कागदावर बंड्याचं वजन ४४६ ग्रॅम होतं. आत्याच्या पीठ मोजायच्या काट्यावर दांडीसकट बसवला आणि दांडीचं वजन वजा केलं, तर ४१२. चौतीस ग्रॅम म्हणजे काय एवढं, असं आत्याला वाटलं. साठ किलोच्या माणसाने आठवड्यात साडेचार किलो गमावण्यासारखं आहे ते. दहा टक्के घटले तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पळायचं असतं, आणि आपण त्याच वाटेवर होतो.

यात तथ्याचा एक दाणा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. पोपट खाण्यापायी हाताजवळ येतो हे खरं. पण त्यासाठी वाटी काढायची नसते, अक्रोड काढायचा असतो. म्हणजे त्याच्या जिवाभावाची एकच गोष्ट वाटीतून वगळायची आणि ती फक्त हातून द्यायची, बाकी दाणापाणी भरलेलं. सुरुवातीला गजांतून, तेही तो मान पुढे करेल तेव्हाच. आत्या आता रोज सकाळी पिंजऱ्याशेजारी तिरकी बसून मोठ्याने पेपर वाचते. त्याच्याकडे टक लावून बघत नाही. पाचव्या दिवशी तो मागच्या दांडीवरून पुढच्या दांडीवर आला. एवढंच, पण तेच तर हवं होतं.

आता 'मोठ्या पोपटाला लळा लागत नाही' हे ब्रह्मवाक्य. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ मध्ये शिकागोत दुकानातून एक आफ्रिकन ग्रे घेतला, अ‍ॅलेक्स. २००७ मध्ये तो गेला तोवर त्यांच्याबरोबर त्याने इंडियाना, इलिनॉय, अ‍ॅरिझोना, मॅसॅच्युसेट्स अशी बिऱ्हाडं केली, शिकवणारी मुलं सतत बदलत राहिली, आणि तरी तो शंभरावर शब्द, रंग, आकार, आकडे शिकला. शेवटपर्यंत शिकतच होता. तिशीतल्या पोपटाला नवी माणसं चालतात, मग चौदा वर्षांच्या बंड्याला आत्या का चालणार नाही? वेळ लागेल. आठवडे लागतील, कधी महिने.

चोचीवर टिचकी मारली तर 'हात म्हणजे मार' एवढंच तो शिकतो. पंख कापायचं कारण म्हणे छताचा पंखा. पंख्याचा धोका खरा आहे, पण त्याला भिंतीवर बटण असतं. पोपट बाहेर असताना पंखा बंद, खिडक्या बंद. नवख्या घरात उडून लांब जायची सोयच काढून घेतली, तर चावण्याशिवाय त्याच्याकडे उरतं काय? काळं कापड रात्री दहा-बारा तास निवांत झोपेसाठी ठीक, दिवसाढवळ्या तीन दिवस कशाला? पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा, पुरे.

मिरची खुशाल द्या. पोपटाला ती तिखट लागतच नाही. तिखटाची आग जाणवून देणारा जो संवेदक (रिसेप्टर) आपल्या जिभेत असतो, तो पक्ष्यांत मिरचीला दाद देत नाही. (हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) फक्त मिरचीने वाचा फुटते हे विसरा.

स्वयंपाकघराचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती-धूपही लांबच.

आणि फॉरवर्डवर फोटो कुणाचा, तर आपल्या हिरव्या मिठूचा! तो घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी ग्रेचंही कागदांशिवाय चालत नाही. २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. सात उपायांत हे कुठेच नाही.

उरला जुनं पुसून टाकायचा उपाय. पिंजरा, वाट्या, दाण्याचं मिश्रण, सगळं नानांकडचंच आहे, आणि या घरात त्याच्या ओळखीचं तेवढंच आहे. संध्याकाळी तो नानांच्या आवाजात "अगं, दार लावलंस का?" म्हणतो. पहिल्या दिवशी आत्या दचकली, आता "हो, लावलं" म्हणते. सोमवारी वजन ४१९ भरलं. डॉक्टरांकडे नवा केसपेपर काढला, त्यावर मालकाच्या जागी आत्याचं नाव आलं. पोपटाचं विचारलं तेव्हा तिने न अडखळता सांगितलं, बंड्या.