आठ डोळ्यांसमोर, एक डोळा मिटून

छोट्या कोळ्याचा फोटो काढणे अवघड जाते ते कोळी लहान असतो म्हणून, असा एक समज आहे. माझ्या मते खरी अडचण ही की फोटो काढणारा फार मोठा असतो. मॅक्रो लेन्समधून पाच मिलिमीटरचा कोळी जसा मोठा होऊन दिसतो, तसाच माझ्या हाताचा कंप, छातीचा भाता आणि गुडघ्याखाली रुतलेल्या खड्यामुळे चाललेली चुळबूळही मोठी होऊन दिसते. आणि या सगळ्यांपैकी फोटो फक्त कोळ्याचा हवा आहे, हे कॅमेऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

वस्तू कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटू लागली की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/११ इतके लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्यात कोळ्याचे डोळे बसवले की पोट धुक्यात जाते. ॲपर्चर आणखी लहान करावे, तर प्रकाश आटतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. प्रकाशासाठी फ्लॅश लावावा, तर कोळ्याच्या तुकतुकीत डोळ्यांत पांढरे भगभगीत ठिपके पडतात; ते टाळण्यासाठी पुढे प्रकाश सौम्य करणारा डिफ्यूझर बांधावा, तर तो नेमका शेजारच्या फांदीला लागून कोळ्यासकट पान हलवतो. ऑटोफोकसला एवढ्या जवळून काही सुधरत नाही, तो नुसताच पुढे-मागे घरघरत राहतो. म्हणून जाणकार सांगतात की फोकस एका जागी कायम करावा आणि पुढे-मागे आपणच डुलावे. सल्ला शंभर टक्के योग्य आहे. फक्त कुंपणापलीकडून पाहणाऱ्याला कोळी दिसत नाही. कुंडीपुढे गुडघे टेकून, एक डोळा मिटून, श्वास कोंडून डुलणारा एक प्रौढ गृहस्थ तेवढा दिसतो.

"घरातली जळमटं काढायला सांगितली की तुमची कंबर धरते," असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा खिडकीतून ऐकवले. त्या वेळी माझा श्वास कोंडलेला असल्यामुळे उत्तर देता आले नाही. नंतरही सुचले नाही.

जाळ्यात बसणारे कोळी निदान जागा सोडत नाहीत, असे वाटून मी आधी त्यांच्याकडे वळलो होतो. पाय दोन-दोन जोडून फुलीच्या आकारात बसणारा अर्जिओपी हा त्यांतला देखणा प्राणी. पण जवळ गेले की तो सगळे जाळे असे काही गदागदा हलवतो की आकृतीच पुसट व्हावी. शत्रूला चकवण्याची ती त्याची युक्ती आहे, आणि ती माझ्यावर पुरेपूर चालते.

उड्या मारणाऱ्या कोळ्याची तऱ्हा निराळी. तो पळत नाही, वळून बघतो. पुढच्या रांगेत चार डोळे, मधले दोन भले मोठे, आणि बाकीचे चार डोक्यावर मागच्या बाजूला, म्हणजे मागून जाण्याची सोयच नाही. मधल्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत, मात्र आतले दृष्टिपटल हलते. त्यामुळे एखाद्या फिकट कोळ्याच्या डोळ्यात आत काहीतरी काळसर सरकताना लेन्समधून चक्क दिसते. आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले जात आहे, ही जाणीव त्या क्षणी फार स्पष्ट होते. न्याहाळणे आटोपले की तो पार्श्वभागातून सोडलेला धागा पानाला चिकटवतो आणि थेट लेन्सवर उडी मारतो, म्हणजे जगातल्या अशा एकमेव जागी, जिथे ती लेन्स फोकस करू शकत नाही.

फोकस किंचित सरकवत बरेच फोटो घ्यावेत आणि संगणकावर एकत्र जोडावेत, हा शेवटचा उपाय. त्यासाठी कोळ्याने स्तब्ध राहावे लागते. मध्येच त्याने पाय उचलला, तर जोडलेल्या फोटोत नऊ किंवा दहा पाय निघतात.

एकदाचा आठच पायांचा, डोळ्यांवरच्या केसांसकट लख्ख फोटो जमला आणि मी तो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून घरात दाखवला. मूळ प्राणी तांदळाच्या दाण्याहूनही लहान होता, हे मी परोपरीने सांगितले. पण त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. तेव्हापासून सौभाग्यवतींनी बागेत पाऊल टाकलेले नाही, आणि झाडांना पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे.